माया सोडजो

रुख्मा मावशीनं साफ सांगून टाकलं का मी लग्नाले येत नाही. अन् लग्न कोणाचं म्हणता? सख्ख्या नातीचं! खुशीचं. ज्या पोट्टीले मशीनच्या बाजूले लुगड्याची झोळी बांधून वाढवलं, तिचं. लग्न तीन दिवसावर आलतं, वारासिवनीत दारासमोर मांडव पडलता, हट्ट्याहून वरात येणार होती, अन् बुढी भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडली होती. दोन दिवसापासून तिनं नीट जेवणही केलं नव्हतं.

मी मेडिकलच्या दुकानात काम करतो. वरच्या फळीवरची दवाई काढाले मले स्टूल लागत नाही, म्हणून मालक खूश राहते. त्या दिवशी दुपारी खुशी रडत रडत दुकानात आली. आमचं वारासिवनी मध्यप्रदेशात, शाळा हिंदीच्या; तिची मराठी तशीही कामापुरती, रडताना त पुरी हिंदी होते. "भोज काका," म्हणे, "दादी को मैंने मार डाला."

माह्या हातातलं गोळ्याचं पाकीट खालीच पडलं. पाच मिनिटं लागली समजाले का दादी जित्ती हाय, ब्लाउज मेला हाय.

आता ब्लाउज कसा मेला, अन् त्यासाठी पोट्टी माह्यापाशी काहून आली, हे समजायचं त पहिले मावशी माही कोण लागते ते सांगा लागंल. लागत काहीच नाही. पण मी आज जो सरळ उभा राहतो, तो तिच्यामुळं.

माही उंची सहा फूट तीन इंच. वजन छप्पन किलो, तेही जेवून उठल्यावर. रस्त्यानं चाललो का कोणी ना कोणी विचारतेच, "क्यों भैया, ऊपर का मौसम कैसा है?" वीस-पंचवीस वर्षं झाली, एकाही लेकाले नवीन काही सुचलं नाही. मले राग उंचीचा नाही येत, याचा येते.

पण खरा तरास बोलण्याचा नव्हता, कपड्याचा होता. आमचं गाव रामपायली. माही माय मले टेलरपाशी नेऊन उभी करे अन् म्हणे, "सैल ठेवजो बाप्पा, पोरगा उद्या भरंल." शाळेचा शर्ट सैल. कॉलेजचा सैल. पॅन्टीले बेल्ट, अन् बेल्टले खिळा ठोकून पाडलेली सहा भोकं. रेडीमेड घ्यावं त ज्याची बाही मनगटापर्यंत येते त्यात माह्यासारखे दोघं मावतेत, अन् जो आंगाले बसते त्याची बाही कोपरापाशीच सरते. माय वाट पाहत राह्यली. तो भरलेला भोजराज काही आला नाही. त्याचे कपडे मात्र मी पंचवीस वर्षं घालून फिरलो.

मंग माहं लग्न जुळलं, हट्ट्याच्या डोमाजीच्या पोरीसंग, ज्योत्स्नासंग. आमच्याकडं नवरदेवाचा सूट सासऱ्याकडून येते. डोमाजी मामाजी हौशी माणूस. स्वतः बालाघाटले जाऊन कॉफी रंगाचं कापड पसंत केलं, भारीतलं. मले माप द्याले पाठवलं, अन् मी निघून आल्यावर टेलरले सांगतलं, "जावई माह्या पोरीच्या हातचं खाऊन भरणार हायत. दोन वर्षानंतरही आंगात आला पाह्यजे असा शिव." टेलरनंही मन लावून शिवला. कोण्या दुसऱ्याच माणसाचा सूट.

लग्नाच्या पाच दिवस आधी सूट घरी आला. मी घालून आरशासमोर उभा राह्यलो. इकडं वळलो त कोट माह्या मागून वळे. खांदे पार खाली उतरले. आरशात कोट दिसे, मी दिसतच नव्हतो. वापस द्यावा त सासऱ्याचा अपमान. घालावा त साऱ्या मांडवात हासं. म्हटलं, मरू दे, लग्नच नाही करत! मायनं एक धपाटा मारला पाठीत अन् कोट पिशवीत घालून मले वारासिवनीले रुख्मा मावशीपाशी घेऊन गेली.

मावशीच्या दारावर पाटी होती: फक्त ब्लाउज. मापाचा आणावा. म्हंजे कोण्याही बाईले ती टेप लावत नसे. बाईनं आपल्याले बसणारा एक जुना ब्लाउज आणून द्यायचा, त्यावरून ती कापे. माह्या मायचेही ब्लाउज तीच शिवे. ओसरीवर सात-आठ बाया बसल्या होत्या. मी दारातून वाकून आत आलो त साऱ्याईची बोलणी बंद झाली. मावशीनं मशीनवरून मान वर केली, अजून वर केली. मी दात-ओठ आवळून तयार राह्यलो, आता मौसम विचारते म्हणून.

ती म्हणे, "खांदा चांगला हाय पोराचा."

जन्मात पहिल्यांदा कोणी माह्या आंगातलं काही चांगलं म्हटलं होतं. मी त मायकडंच पाहाले लागलो.

"मापाचा शर्ट आणला?" तिनं विचारलं.

"मले नीट बसंल असा एकही शर्ट नाही, मावशी."

"एकही नाही? मंग इतके दिवस कोणाचे कपडे घालून फिरत होता बे?"

मायनं पिशवीतून कोट काढून तिच्यापुढं धरला अन् सारी गोष्ट सांगतली.

मावशीनं मले कोट उलटा घालाले लावला, अस्तर बाहेर. तोंडात पिना धरल्या अन् माह्याभोवती फिरू लागली. बाया पदर तोंडाले लावून हासत होत्या. मावशी दातातूनच त्याईच्यावर खेकसली, "हासू नका वं! त्यालेही हासू येते, मंग पिना सरकतेत." मी भेत भेत म्हटलं, "मावशी, कापू नका पण. सासऱ्यानं हौसेनं देल्ला हाय."

"एक सूत कापणार नाही," म्हणे. "माया सोडीन."

मले वाटलं बुढी कीर्तनात घुसली. माह्या तोंडाकडं पाहून तिलेच हासू आलं. मंग तिनं एक ब्लाउज उलटा करून दाखवला. शिलाईच्या आत कापडाची पट्टी दुमडून ठेवली होती. "हे पाह्य. आतमंदी जे जास्तीचं कापड ठेवतेत न, त्याले माया म्हणतेत. बाहेरून कोणाले दिसत नाही. माणूस भरला का शिलाई उसवायची, त्याले जागा भेटते."

"माह्या कोटात किती सोडणार?"

"दोन्ही बाजूले दोन-दोन इंच. इतकी माया तुह्यावर कोणी केली नसंल!"

साऱ्या बाया हासल्या, माय हासली, मीही हासलो. मावशी मात्र पिना लावता लावता हळूच म्हणे, "आज जो उभा हाय न, त्याचे कपडे घाल. जो येणार हाय त्याची जागा आतमंदी ठेव. वाट पाहण्यात काही वाईट नाही, पण उघडा नको राहू तवरक."

लग्नात मी तो कोट घालून उभा राह्यलो. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर, बाही मनगटाच्या हाडापर्यंत. मामाजी दहा जणाईले सांगत होते, "पाहा, कपडा कसा बसला! मी म्हटलं नव्हतं?" त्याईले आतली गोष्ट मी कधी सांगतली नाही. त्या लग्नाचा फोटो आमच्या घरी लावला हाय. त्याच्या आधीच्या एकूणएक फोटोत मी खांदे पाडून, मान वाकवून उभा हाय. त्या फोटोत नाही.

तवापासून माहे शर्ट मावशीच शिवे. पुरुषाईच्या टेलरले सैल सोडणं येते, आंगाबरोबर कापणं येते ते ब्लाउज शिवणाऱ्या बाईले. माह्या शर्टाले पाठीत दोन टक्स राहेत, ब्लाउजसारखे. पहिला शर्ट घालाले गेलो त हातच उलटे पडू लागले. जन्मभर बायाईचे कपडे शिवलेली बाई, तिनं बटनाची पट्टीही बायाईसारखी उजवी वर ठेवून देल्ली होती! सांगतलं त कपाळाले हात लावून ठसका लागेपर्यंत हासली. "दे बाप्पा, बदलवून देतो," म्हणे. मी देल्ला नाही. उलट्या हातानं बटन लावाले शिकलो. तो शर्ट अजून हाय, पोतेरा कराले म्हणून ज्योत्स्नाले त्याले हात लावू देत नाही.

तिच्या ओसरीवर बसून कायकाय ऐकलं मी. "उभ्या पट्ट्याचं कापड नको आणत जाऊ, आधीच काय कमी लांब हायेस." "वरतून बिनबाहीचं जाकीट घालत जाय, छाती भरल्यासारखी वाटते." "पॅन्ट बुटावर टेकली पाह्यजे, पाय दाखवत नको फिरू." पुढं तिचे डोळे अधू झाले, सुईत धागा जाईना, तवा मलेच मशीनवर बसवलं. म्हणे, शिक, मी काय जन्माले पुरणार हाव? मी शिकलो. तिच्या चुकाबी शिकलो. आता रेडीमेड शर्ट लांबीनं घेतो अन् घरीच आंगाबरोबर करतो. माया सोडून.

तर अशी माही मावशी. मागच्या हिवाळ्यात तिचं पोटाचं ऑपरेशन झालं, नागपूरले. गेली तवा चांगली भरलेली बाई होती, आली ते अर्धी होऊन. डॉक्टरनं सांगतलं का बिमारी निघाली, आता खात राह्यल्या त सहा महिन्यात पहिल्यासारख्या होतील. तीही हट्टानं खाऊन राह्यली होती, खुशीचं लग्न डोळ्यापुढं ठेवून. त्या लग्नासाठी तिनं बिमारीच्या आधीच, माह्याकडून धागा ओवून घेऊन, आपल्या हातानं एक मरून रेशमी ब्लाउज शिवून ठेवला होता. तो आता आंगावर ढळे. हात थरथरतेत म्हणून स्वतः करता येईना, अन् मी सुट्टी घेऊन घरच्या कामाले रामपायलीले गेलतो. म्हणून तिनं खुशीले नव्या टेलरपाशी पाठवलं अन् बजावून सांगतलं, "आतून घेजो म्हणावं, पण माया सोडजो म्हणावं."

टेलर हिंदीवाला, अन् पोट्टीही हिंदीतच बोलणारी. ती त्याले म्हणे, "फिटिंग कर दो, और दादी ने बोला है, माया छोड़ देना." त्यानं विचारलं, "माया क्या?" आता खुशीले काय माहीत? तिनं मंदिरात ऐकलेली माया, मोह-माया. तिले वाटलं जे फालतू हाय ते. "वही," म्हणे, "जो फालतू है." त्या बिचाऱ्यानं इमानदारीनं आतलं सारं फालतू कापड कापून फेकलं, कडेले इंटरलॉक मारला अन् साफसुथरा ब्लाउज हातात देल्ला.

मावशीनं सवयीनं पहिले तो उलटा केला. पाह्यलं. अन् भिंतीकडं तोंड करून झोपली.

हे सारं ऐकून मी दुकानातून सरळ तिच्या घरी गेलो. खाटेपाशी खाली बसलो. ती न वळता म्हणे, "भोज्या, चाळीस वर्षं मी कोणाची माया कापली नाही. माहीच कापली गेली पाह्य."

"मावशी, ब्लाउज बसते त आंगात. घाला न."

"घातला म्हंजे मी मानलं का मी आता एवढीच. यापुढं भरणं नाही. ज्याले भरायचंच नाही त्यानं खावं कायले?"

"मंग दुसरा घाला."

"दुसरे सारे झोळे हायत. झोळा घालून नातीच्या लग्नात बसू? लोकं नवरीले पाहतीन का माही बिमारी पाहतीन? नाही येत मी. जाय तू."

दाराआड खुशी हुंदके देत होती. आता मले राग आला. मावशीवर जन्मात पहिल्यांदा मी आवाज चढवला. "मले काय सांगतलं होतं तुम्ही? जो उभा हाय त्याचे कपडे घाल म्हणे! अन् स्वतःची पाळी आली त भिंतीकडं तोंड?"  मी ब्लाउज उचलला अन् घरी आलो.

घरी येऊन डोकं धरून बसलो. माया कापली गेली का ती वापस कुठून आणता? तसलं मरून रेशीम साऱ्या बाजारात भेटलं नाही. ज्योत्स्नानं चहा देल्ला अन् म्हणे, "आतलंच कापड न? आत कोण रंग पाहते?"

मी तिच्याकडं पाह्यलं. तिनं माह्याकडं पाह्यलं. मंग उठून तिनंच पेटीतून कॉफी रंगाचा कोट काढला.

"मामाजीले काय सांगायचं?" मी विचारलं.

"बाबाईले सोळा वर्षात काही समजलं का, जे आता समजंल?" ती म्हणे.

कोट उलटा केला. मावशीचे टाके इतके बारीक, उसवता उसवता माहे डोळे भरून आले अन् सुई दिसेनाशी झाली. दोन-दोन इंच, दोन्ही बाजूले, जशीच्या तशी. एकदाही उसवा नाही लागली. ते कापड मी काढून घेतलं, कोटाची शिलाई होती तिथंच पुन्हा मारली, माहा कोट मले तसाच राह्यला. मंग ब्लाउजच्या दोन्ही बगला उसवून त्या पट्ट्या जोडल्या, दुमडून आत टाकल्या अन् तिच्या आताच्या मापावर शिलाई मारली. पुढं उसवून कॉफी रंग बाहेर आला तरी बगलेखाली पदरात कोणाले दिसते?

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्नाले संग घेऊन मावशीच्या घरी गेलो. ब्लाउज तिच्या मांडीवर ठेवला. तिनं पहिले, अर्थातच, उलटा केला. अंगठ्यानं कापड चोळून पाह्यलं. डोळ्यानं नीट दिसत नाही, पण बोटाले साऱ्या वारासिवनीचं कापड पाठ.

"हे डोमाजीचं कापड."

"हौ."

"तुह्या कोटातलं."

"हौ, मावशी."

"अन् मंग तू भरला त?"

"मावशी, मी बेचाळीस वर्षाचा झालो. तो भोजराज आता काही येत नाही. त्याची जागा रिकामीच पडली होती. मले तुम्ही असंच, जसा हाव तसा उभं राहाले शिकवलं, मले काही कमी नाही पडलं. तुम्हाले लागंल ते."

तिनं पदर डोळ्याले लावला. मीही रडलो, खोटं काहून सांगू. ज्योत्स्नाही रडली. मंग मावशीनं पट्टीवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला अन् म्हणे, "डाव्या बगलेतला टाका वाकडा हाय."

"तुम्हीच शिकवला."

"म्हणूनच वाकडा हाय," म्हणे, अन् खुशीले हाक मारली का पाणी गरम कर, आंघोळ करतो.

लग्नाले मावशी आली. मरून ब्लाउज असा बसला होता का बाया विचारत होत्या, कोणाकडून शिवला? ती माह्याकडं बोट दाखवे, अन् बायाईचा विश्वास बसत नसे. वरातीसंग हट्ट्याहून डोमाजी मामाजीही आलते. मी कॉफी रंगाचा कोट घातला होता. मामाजीनं जवळ येऊन कॉलर चाचपली अन् दरसाल विचारतेत तेच विचारलं, "जावई, अजून भरले नाही?"

मी वाकून त्याईच्या पाया पडलो. म्हटलं, "नाही मामाजी. पण तुमचं कापड कामी आलं." त्याईले काही समजलं नाही, पण खूश झाले.

जेवणाच्या पंगतीत मावशी खुशीच्या बाजूले बसली. वाढणारा हिंदीवाला माणूस जिलेबीची परात घेऊन आला. बुढीचं वाळलेलं मनगट पाह्यलं, एक जिलेबी ठेवली अन् पुढं सरकला. मावशीनं त्याचा हात धरला.

"अजून वाढ बाप्पा," ती म्हणे. "माया हाय आतमंदी."

तो माणूस घोटाळला. "माया? कौन माया?"

मी सांगाले तोंड उघडतच होतो. तेवढ्यात शालू-मुंडावळ्यातली खुशी दादीच्या ताटाकडं वाकली अन् रडत-हासत त्याले म्हणे, "डाल दो भैया. अंदर जगह रखी है."